गोदीचे घुंगुरवाळे

हे मी आजपर्यंत कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, लेकरांपाशी नाही. महादेवाच्या देवळात एकदोनदा तोंडाशी आलं होतं — पण तिथंही मी जोरात घंटा वाजवली आणि मोकळा झालो. आता ऐंशीच्या घरात आलोय. दात गेले, डोळे चालले, जीभ तेवढी शाबूत आहे, आणि सगळा घोळ तिनंच केलेला. तुम्ही समोर बसलाच आहात तर ऐका. फक्त मधेच 'जाऊ द्या हो, लहान होतात' असं म्हणू नका. सतरा वर्षांचा होतो मी. सतराव्या वर्षी त्या काळी माणसं बाप होत.

आमचं गाव राणीसावरगाव. राज्य निजामाचं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मला शिकवायचंच होतं, आणि त्याला कारण आक्का. आक्का माझी थोरली बहीण. ताडकळसच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली, मधे गोदावरी. लग्नानंतर तिचं पहिलं पत्र आलं तेव्हा आमच्या घरात वाचणारं कुणी नव्हतं. आबा ते घेऊन पटवाऱ्याच्या ओसरीवर गेले. पटवाऱ्यानं चार माणसांत मोठ्यानं वाचलं — सासू पोटाला पुरेसं घालत नाही, इथपासून सगळं. वर म्हणाला, पोरगी लय खाती वाटतं. माणसं हसली. आबांनी पत्राची घडी घातली आणि ते ओसरी उतरले. पुढच्याच महिन्यात त्यांनी मला परभणीला मामाकडं नेऊन सरकारी मदरशात घातलं.

तर मी शिकलो. पण काय शिकलो? उर्दू. निजामाच्या शाळेत दुसरं काय शिकवणार? अलिफ, बे, पे. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत, नकाशातली गोदावरीसुद्धा उर्दूत. बाळबोध मराठी मामीच्या पोथीवर बोट फिरवत जेमतेम यायची. आणि मोडी? मोडीचं एक अक्षर मला येत नव्हतं. खेड्यातली पत्रं तर सगळी मोडीत. हे मी घरी सांगितलं का? कसं सांगणार? दिवाळीच्या सुट्टीला रुमी टोपी घालून गावात शिरलो की लोक म्हणत, मुन्शी आला. मायही मला मुन्शीच म्हणायची. आबा तोंडानं काही म्हणत नसत, पण पटवाऱ्याच्या घरावरून जाताना मला मुद्दाम सोबत घेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती झाकूनच ठेवली; तोवर घरात दुसरं पत्र आलंच नव्हतं.

आमच्या घरी एक रीत होती. वसुबारशीला गाईवासराची पूजा झाली की सगळी ओसरीवर बसत आणि सालभराचं सांगणं होई. घरात काय झालं, कोण आलं, कोण गेलं. त्या साली सांगायला लय होतं. विहिरीला पाणी लागलं होतं. धाकट्या काकाचं लग्न ठरलं होतं. आजी आषाढात गेली होती. तांबडी गाय पहिल्यांदा व्याली होती. माय बोटांवर मोजत एकेक सांगत होती — आजीच्या नावाला डोळे पुसले आणि गाईच्या नावाला हसली. तेवढ्यात आमचा शेजारी आला. तो बैल बघायला ताडकळसच्या बाजाराला गेला होता. तिथं आक्काच्या गावच्या कुणीतरी त्याच्या हाती एक चिठ्ठी दिलेली. तोंडी निरोप काही नाही. समदं चिठ्ठीत हाय, एवढंच.

माय म्हणाली, "आता आक्काचं सांगणं. वाच रं मुन्शी."

मी घडी उलगडली. मोडी. वर लांबच लांब रेघ, आणि दोरीवर शेवया वाळत टाकाव्यात तशी तिला लोंबकळणारी अक्षरं. पार कडेपर्यंत दाटून लिहिलेलं. वरचं श्री तेवढं ओळखलं. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. हे मला येत नाही — एवढंच तर म्हणायचं होतं. किती लागतं हो तेवढ्याला?

मी वाचायला लागलो.

आधी खुशाली. मग तोंडाला येईल ते. पाऊसपाणी बरं झालं. म्हैस घेतली, दूध भरपूर आहे. सासू आता माया करते. आणि गोदी — आक्काची पहिली पोर, आमच्याच घरी जन्मलेली, पाच महिन्यांची झाल्यावर सासरी गेलेली. ती चालायला लागली, असं मी वाचलं. अंगणभर चालते, धरायला गेलं की पळते.

तुम्ही मायचं तोंड बघायला पाहिजे होतं. तिनं दोनदा वाचायला लावलं — आणि दोन्ही वेळा एकच सांगायचं म्हणून मला काय आटापिटा करावा लागला ते माझं मला ठाऊक. आबांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि उगाच बाहेर जाऊन आले. आणि मला काय वाटत होतं? भीती? नाही. मला कौतुक वाटत होतं, माझंच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, आणि तोही वाळा मी मिरवत होतो.

इथपर्यंतचंच असतं ना, तर मी हे कधीच सांगून टाकलं असतं. चारचौघांत हसण्यावारी नेता आलं असतं. पण इथं संपलं नाही.

माय उठली. म्हणाली, "सकाळच्या पारी गाडी जुप आन् आक्काला घेऊन ये. भाऊबीजेला पोर हितं पायजे. चालती म्हनं, बघू तरी." सासरी बहिणीला आणायला मुराळी म्हणून भावानंच जायचं असतं, म्हणजे मीच. आक्का आली तर? आली आणि मायनं तिला म्हशीचं विचारलं तर?

मग मी ते केलं. कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. कोरी होती, बरं का, एक रेघसुद्धा नव्हती. आणि त्या कोऱ्या कागदावरून मी वाचलं — यंदा मुराळी पाठवू नका, कापूस वेचणीला आलाय, मला यायला जमायचं नाही, पुढच्या दिवाळीला येईन.

हेच ते. यासाठीच मी तुम्हाला बसवून ठेवलंय. पहिलं खोटं न येणाऱ्या अक्षरांपायी बोललो, म्हणा हवं तर. हे दुसरं कशापायी? इथं तर अक्षरंच नव्हती.

माय "असू दे, सुखात हाय तर झालं," म्हणून आत गेली. दुसऱ्या दिवशी ती सोनाराकडं गेली. आजीच्या मागं राहिलेलं चांदीचं एक कडं होतं, ते मोडून गोदीसाठी घुंगुरवाळे करून आणले. चालतं पोर म्हटल्यावर पायात वाजायला नको? पुढच्या बाजाराला शेजाऱ्याच्या हाती करंज्या आणि ते वाळे एका फडक्यात बांधून पाठवले. पाठवायच्या आधी कानाशी नेऊन वाजवून बघितले. मी तिथंच उभा होतो.

सुट्टी संपली. मी परभणीला आलो, आणि पत्र माझ्या शेरवानीच्या खिशात. परभणीत मोडी वाचणारे पैशाला पासरी. मोंढ्याच्या धान्यबाजारातल्या कुठल्याही दिवाणजीनं उभ्या उभ्या वाचून दिलं असतं. मी पौष लागेपर्यंत त्या खिशात हात घातला नाही. का? कारण कुठंतरी मला कळलं होतं. नुसत्या खुशालीसाठी कुणी एवढं दाटून लिहून घेत नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या दिवाणजीनं वाचलं. हळू वाचलं, आणि मधे एकदा थांबून चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. सगळ्यात वर होतं — हे मुन्शीनंच वाचावं, आता घरचं माणूस वाचणारं आहे म्हणून मन मोकळं करून लिहिते. गोदी श्रावणात गेली होती. जुलाब लागले आणि तीन दिवसांत गेली. गोदावरीला पूर होता, निरोप धाडता आला नाही. पूर उतरल्यावर सासू म्हणाली, पोरीच्या जातीचं काय कळवायचं. भिंतीला धरून उभी राहायला लागली होती, पाऊल टाकलं नव्हतं. आणि शेवटी होतं — भावाला लवकर पाठवा, मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचं आहे, इथं रडू देत नाहीत. हे सगळं तिनं बाजाराच्या दिवशी चोरून कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं.

दिवाणजीनं विचारलं, "कधीचं हाय हे?"

मी म्हटलं, आत्ताच आलंय.

बघा. तिथंही.

आणि तेव्हा तरी मी जायचं ना? परभणीहून ताडकळस म्हणजे दिवसभराची वाट. मी नाही गेलो. रोज उद्या जाऊ म्हटलं आणि रोज शाळेत जाऊन बसलो. संक्रांतीच्या आधी आठ दिवस कुणाकडून तरी आमच्या गावात बातमी पोचली, आक्काची पोर गेली म्हणून. कधी गेली ते सांगणाऱ्यालाही धड माहीत नव्हतं. माय धरून चालली की आत्ताच, थंडीत गेली. मला बोलावणं आलं. आबांनी गाडी जुंपूनच ठेवली होती. आक्काला घेऊन ये, म्हणाले, हितं येऊन रडून घेऊ दे.

आक्काच्या दारात मला तिची जाऊ भेटली. चांगली बाई होती, पण बोलायला फटकळ. म्हणाली, "आलाव का? दिवाळीला कुठं व्हता? चार दिस गाठोडं बांधून येशीपाशी बसायची. गाडी वाजली की उठायची. आन् मुराळी यायचा सोडून ते वाळे आले. त्या दिशी जेवली न्हाई ती."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बुक्क्याही माझ्याच.

गाडीत आक्का पाठमोरी बसली होती. लय वाळली होती. गोदावरीच्या वाळूत बैल दमले म्हणून उतरलो, तेव्हा तिनं एकदाच विचारलं, "माझी चिठ्ठी पोचली व्हती का रं?" मी म्हटलं, पोचली. आणि बैलांच्या मागं गेलो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर दोघी मायलेकी गळ्यात पडून रडल्या. आबा खांबाला टेकून उभे होते. मग जरा शांत झाल्यावर, ओसरीवर, मायनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांवरून हात फिरवत विचारायला लागली. "अंगणभर चालती, धराया गेलं की पळती, समदं लिवलं व्हतंस गं माय. वाळे बसले का तिला? घालून चालली का?"

आक्कानं डोकं उचललं. आधी मायकडं बघितलं, मग आबांकडं, मग माझ्याकडं. मी तिथून उठू शकलो असतो. बोलूही शकलो असतो. आक्कानं सगळं तेवढ्यात ओळखलं — ते मला दिसलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथं राग नव्हता, नुसतं कळणं होतं.

मग ती पुन्हा मायच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "व्हय माय. चालली. लय वाजायचे वाळे."

माय रडता रडता हसली.

तिनं मला वाचवलं, की मायला? मी पन्नास-साठ वर्षं यावर विचार केलाय. मला वाचवण्यासारखं माझ्यात काय होतं? पुढं माय होती तोवर दर वसुबारशीला सालाच्या सांगण्यात गोदी यायचीच — कशी चालायची, वाळे कसे वाजायचे. आक्का आलेली असली की मान हलवायची. माय ते खरं मानूनच गेली. आबा मरेपर्यंत पटवाऱ्याची ओसरी चढले नाहीत. मी पुढं मोडी शिकलो, आणि चांगली शिकलो. गावाची पत्रं वाचून द्यायचो, अक्षर न् अक्षर. त्यानं काय होतं? आक्काही जाऊन आता वीस वर्षं झाली. तिनं एका शब्दानं मला कधी विचारलं नाही, आणि मीही तिला कधी सांगितलं नाही. माफी म्हणाल तर तुमच्याकडं मागून काय उपयोग? तुम्ही थोडेच चार दिवस वेशीपाशी बसला होता?

त्या साली संक्रांत आम्ही केली नाही. पण पुरतं टाळू नये म्हणून मायनं वाटीभर तिळगूळ केला आणि आक्काला म्हणाली, दे भावाला. आक्का माझ्यापुढं आली. माझा तळहात तिनंच उघडला, त्यावर तिळगूळ ठेवला, आणि पुढं जे म्हणायचं असतं ते म्हणाली नाही. तशीच उभी राहिली.

"खा की रं मुन्शी," माय म्हणाली.

मी खाल्ला.