अर्धवट सोडलेली सुई

बायजा शिळफाट्याजवळच्या एका औषध कारखान्यात काचेची भांडी धुवायची. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. तिथे टीबीच्या इंजेक्शनचं औषध मातीतल्या जंतूंकडून बनवून घेत. जंतूंनी जास्त औषध द्यावं म्हणून प्रयोगशाळेतले साहेब त्यांच्यावर जांभळ्या दिव्याचा मारा करत. बहुतेक मरत, काही बदलून उरत. उरलेल्यांना मग त्याच औषधात वाढवून बघत.

"त्यांचंच औषध त्यांनाच का घालता, साहेब?" बायजानं एकदा विचारलं.

"जास्त बनवायचं तर सोसताही आलं पाहिजे. दुबळे मरतात, दांडगे उरतात." साहेबांनी काचेची बशी दाखवली. सगळी मोकळी, फक्त उरलेल्या जंतूंचे दोन पांढुरके ठिपके. बायजाला मोठं कौतुक वाटलं.

पुढे तिच्या नवऱ्याला, धाकलूला, टीबी झाला. त्याच औषधाची इंजेक्शनं सुरू झाली. दोन महिन्यांत अंग भरलं तशी त्यानं ती बंद केली.

"अवो, डागदरांनी लई दिस घ्या म्हणून सांगितलंय."

"खोकला नाय, ताप नाय. उगा कशाला टोचून घेऊ?" म्हणत तो भाताच्या लावणीला निघून गेला.

दिवाळीनंतर खोकल्यातून रक्त पडलं. पुन्हा इंजेक्शनं दिली, पण गुण येईना. कर्जतच्या डॉक्टरांनी थुंकी मुंबईला तपासायला पाठवली. "याच्या अंगातले जंतू आता या औषधाला मरत नाहीत," ते म्हणाले. "औषध अर्धवट सुटलं, तेव्हा दुबळे मेले, दांडगे उरले."

बायजाला ती बशी आठवली.

त्याच आठवड्यात कारखान्यात पेढे वाटले. नव्या जंतूंनी दीडपट औषध दिलं होतं. बायजानं पेढा तसाच ठेवला आणि साहेबांना धाकलूचं सांगितलं.

"आपले जंतू कुणाला आजारी पाडत नाहीत, बायजाबाई," साहेब समजावत म्हणाले.

"ठावं हाय, साहेब. पन रीत तीच ना?"



धाकलू शिमग्याआधी गेला. लेकीला आजार लागू नये म्हणून बायजानं तिला भिवपुरीला मामाकडे धाडलं. घरात उरली सासू, गोदूबाई. लेकाला अखेरपर्यंत तिनंच भरवलं होतं. पावसाळ्यात तीही खोकू लागली.

तिची थुंकीही मुंबईला गेली. डॉक्टरांनी बायजाला बाजूला घेतलं. "तेच जंतू."

"पन तिनं तर येक सुई घेतली नाय!"

"मुलाच्या अंगातून औषध सोसणारे होऊनच आलेत. दुसरी औषधं मिळतात का बघतो. तोवर तिच्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका."

परतताना एस.टी.त गोदूबाईनं विचारलं, "बरं वाटंल ना गं मला?"

बायजानं खिडकी उघडून तिला वाऱ्याला बसवलं. पुढच्या थांब्यावर तान्हं मूल घेतलेली एक बाई चढली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे आली. बायजा ताडकन उठून आडवी उभी राहिली.

"हितं नको, बाय. पुढं जा."