मालिकेतली ‘अर्धी’

दिवाळीनंतर एका दुपारी दिंद्रुडच्या थांब्यावर माझ्या शेजारी दोघा तरुणांचा वाद चालला होता. मालिकेतल्या ऊसतोड करणाऱ्या नायिकेला ‘अर्धी’ का म्हणतात?

“लई बुटकी हाय म्हणून.”

“न्हाई बे, अर्धवट हाय म्हणून.”

बोचक्यावर बसलेली एक बाई कोयत्याला चिंधी गुंडाळत होती. सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मान वर न करता ती म्हणाली, “नवरा गेलाय न्हवं तिचा? नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतेत. एकटीला अर्धा. यंदा मला बी तेच म्हणतेत.”



तोडीचा ट्रक आला. मुकादमाने तिला विचारले, “जोडीदार घावला का?”

“न्हाई.”

“मग जमत न्हाई, मावशी.”

ट्रक गेला, तेव्हा ती बोचक्यावरच बसलेली होती.