सावकाशरावांची डुलकी

पालिकेच्या बांधकाम खात्यात त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. कुठलाही प्रस्ताव आला, की "सावकाश बघू" म्हणायचे आणि खरंच बघायला जायचे. कारखाना असेल तर त्याच्यामागच्या घरांच्या दारात, पूल असेल तर पुलाखाली. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, त्यामुळे फिरतीचा त्यांना कंटाळाही नव्हता. घरी असले की रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवत. गाणं नको, बातम्या नकोत, नुसती खरखर. शेजारच्या खोलीत कुणीतरी आहे असं वाटायचं.

जुन्या वखारीच्या जागेवर डेटा सेंटर उभारायचा प्रस्ताव आला. लागूनच घरांची रांग. पाणी किती लागेल, उन्हाळ्यात ते कुठून आणणार, वीज गेल्यावर किती जनरेटर धडधडणार, हे त्यांनी कंपनीकडून लेखी घेतलं. राहिला होता आवाज. म्हणून ते बसने शेजारच्या गावी गेले. त्याच कंपनीचं सेंटर तिथे चालू होतं. कुंपणामागच्या बाकावर बसले. यंत्रं गार ठेवणाऱ्या पंख्यांची एकसुरी घरघर चालली होती. ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. कितीतरी महिन्यांनी अशी गाढ झोप!

"आवाजाचं काही नाही. मला तर झोप लागली," परतल्यावर त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं.

"मग तसंच लिहा की! परवा सभा आहे."

संध्याकाळी परगावच्या ताईचा फोन आला. ऐकून ती हसत सुटली. "एका डुलकीवरून स्वर्ग गाठलास की रे! तुला खरखरीशिवाय झोप येते कधी? तिथल्या माणसांना विचारलंस?"

जन्मात पहिल्यांदा सावकाशराव कुणाचंही दार न ठोठावता परतले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बस धरली. बाकासमोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या.

"मोठ्याने बोला हो! इथे असंच बोलावं लागतं." मग आत वळून त्यांनी हाक मारली, "अहो, पाहुणे आलेत!" आजोबा खिडकीशी ढिम्म. शेवटी आजींनी टॉवेल हलवला, तेव्हा त्यांनी मान वळवली.

"पूर्वी आम्ही भांडायचो तरी," आजी म्हणाल्या. "आता ओरडून भांडायला दम कुठाय? खुणांवर भागतं."

सभेत सावकाशरावांनी सांगितलं, पंखे घरांपासून लांब, पलीकडच्या बाजूला हवेत. लोकांच्या अंगणात आवाज मोजून, त्यांचं म्हणणं ऐकून मगच परवानगी द्या.

मुख्याधिकारी वैतागले. "परवा झोप लागली, आज अटी? कान बदलून आणलेत काय?"

"कान तेच आहेत, साहेब. पण ते रिकाम्या घराचे आहेत. त्यांचं माप भरल्या घरांना लावू नका."

कुणीच हसलं नाही. प्रस्ताव अटींसकट कंपनीकडे परत गेला.

घरी येऊन त्यांनी सवयीने रेडिओ लावला. बायको असताना हाच रेडिओ जरा खरखरला, की स्वयंपाकघरातून ओरडा यायचा, "अहो, बंद करा ते! तुम्ही काय म्हणताय, ऐकू येत नाहीये मला!"

मग त्यांनी आवाज जरा कमी केला.