पाच एकोणीसचा कंदील

या ग्रुपवरचे अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसतो. मी इंजिनिअर. एका सरकारी कारखान्यात टेस्टिंगला आहे. एकच रीडिंग तीनदा घेतल्याशिवाय सही न करणारा माणूस. भुताखेतांवर विश्वास नव्हता... अजून आहे की नाही, सांगता येत नाही. पण मागच्या शनिवारी बेंगळुरूत माझ्याबरोबर जे घडलं, ते लिहिताना आत्तासुद्धा हातावर काटा आलाय. आणि ते सांगायचं तर आधी एक कबुली द्यावी लागेल, जी मी बायकोलाही दिलेली नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी मी नागपूरहून इथे आलो, तेव्हा जे. पी. नगरमध्ये शेजारी अण्णा राहायचे. दोन पिढ्या इथेच गेलेलं मराठी कुटुंब. बोलताना 'स्वल्प थांब' आणि 'सरी', म्हणजे 'बरं', हमखास. नाटकाचं वेड मला त्यांनी लावलं. इथे मराठी नाटक येणार महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, म्हणून आमचा शनिवार ठरलेला. आधी मार्केटातली कामं, मग हॉलच्या मागच्या गल्लीतल्या दर्शिनीत उभ्या उभ्या खाणं, मग नाटक. मी कूपनच्या रांगेत, अण्णा टेबल धरायला. टेबल कसं धरायचे? तर आपला चौकड्यांचा मोठा रुमाल पसरून! उभं राहून खायच्या हॉटेलात रुमाल टाकून जागा धरणारा हा एकच माणूस. पोरं हसायची. एक मसाला डोसा दोघांत, आणि वर बाय-टू कॉफी, म्हणजे एकच कॉफी दोन ग्लासांत अर्धी अर्धी. त्यातला जरा जास्त भरलेला ग्लास ते माझ्याकडे सरकवायचे, आणि आपली संपली की ग्लास उपडा ठेवायचे.

आठ वर्षांपूर्वी पुण्याहून माझे नवे साहेब आले. एका नाटकाला ते सपत्नीक येणार होते, मलाही बोलावलं. मला अण्णांच्या रुमालाची लाज वाटली. होय, लाजच वाटली, दुसरा शब्द नाही. मी अण्णांना सांगितलं, हाऊसफुल्ल आहे, तिकीट मिळालं नाही. ते म्हणाले, "सरी. पुढच्या वेळी जाऊ." आणि मी साहेबांबरोबर तिसऱ्या रांगेत बसून नाटक पाहिलं.

तीन आठवड्यांनी अण्णा झोपेतच गेले. दहाव्याला त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, सहज बोलता बोलता सांगितलं की त्या शनिवारी अण्णा एकटेच हॉलवर गेले होते. कुणी तिकीट परत करतंय का बघायला. पण गेटवरूनच परत आले, आणि का, ते बोलले नाहीत.

त्यांनी मला आत जाताना पाहिलं होतं का? आठ वर्षं हा एकच प्रश्न. त्यानंतर मी कुठल्याच हॉलमध्ये पाऊल ठेवलं नाही. घरी कारण सांगितलं, पाठ दुखते.

आता मागचा शनिवार. माझी मुलगी मुक्ता, हिचं पहिलं नाटक, त्याच हॉलमध्ये, साडेसहाला. तिसऱ्या प्रवेशात ती हातात कंदील घेऊन येते. त्या कंदिलाची कडी आदल्या रात्री तुटली. इथल्या शिवाजीनगरात डाग देऊन आणायचं काम माझ्याकडे. सकाळी निघताना तिनं विचारलं, "बाबा, तू आत बसणार आहेस ना? की पाठ आजच दुखणार आहे?" मी म्हटलं, बघू. पण ठरलेलं होतं – कंदील देऊन बाहेर बसायचं.

शिवाजीनगरचं काम लवकर झालं. कडीवर चकचकीत पितळी डाग. पाय आपोआप त्या दर्शिनीकडे वळले. एक कॉफी सांगितली. कंदील टेबलावर ठेवला, फोटो काढला आणि मुक्ताला पाठवला – 'कंदील झाला, काळजी नको.' मग तो उतरवून दोन पायांमध्ये ठेवला. हे नीट लक्षात ठेवा.

कॉफीवाल्यानं दोन ग्लास पुढे केले, अर्धे अर्धे. मी म्हटलं, एकच सांगितली होती. त्यानं कूपन दाखवलं. त्यावर बाय-टू! असेल, जुन्या सवयीनं माझ्याच तोंडून गेलं असेल. मी माझी अर्धी प्यायलो. दुसऱ्या ग्लासाकडे बघवेना. बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत आलो... तर दुसरा ग्लास रिकामा, आणि उपडा.

मी पळालो. अक्षरशः. पन्नाशीचा माणूस, गल्लीतून धावत हॉलपर्यंत. मागच्या दारापाशी पोचलो तेव्हा लक्षात आलं, हात मोकळे आहेत. कंदील टेबलाखालीच राहिला.

परत फिरणार, एवढ्यात नाटकाच्या दिग्दर्शिका नीलिमाताई दारात आल्या. कुठे निघालात, म्हणाल्या. मी धापा टाकत सांगितलं, कंदील विसरलो, पाच मिनिटांत आणतो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. कंदील तर मघाशीच आला, म्हणाल्या. आणि खरंच, विंगेत खिळ्याला टांगलेला. तोच. कडीवर तोच डाग, अजून काजळी न लागलेला.

कुणी आणला? तर एक म्हातारे गृहस्थ, पांढरा हाफ शर्ट. आत या म्हटलं तर आले नाहीत. नीलिमाताई म्हणाल्या, "तुमच्यासाठी निरोप दिलाय. 'सुधीरला सांगा, आज तिकीट मिळालं. सरी?' एवढंच."

मी भिंतीला टेकलो. ते खोटं मी जगात कुणाला सांगितलेलं नाही. ते फार तर दोनच माणसांना माहीत – एक मी, आणि दुसरे अण्णा, तेही त्यांनी मला गेटमधून आत जाताना पाहिलं असेल तरच.

फोनमधला अण्णांचा फोटो दाखवला. नीलिमाताई म्हणाल्या, मेकअपची गडबड होती, नीट पाहिलं नाही, असतीलही. मग मी वेळ विचारली. त्यांनी कलाकारांचा ग्रुप फोटो उघडला. मधे मुक्ता, नऊवारीत, हातात कंदील. वेळ पाच एकोणीस. त्यानंतर सगळ्यांचे फोन जमा केले होते, त्यामुळे माझा मेसेज मुक्तानं पाहिलाच नव्हता. आणि दर्शिनीतल्या टेबलावर मी काढलेला कंदिलाचा फोटो? पाच चोवीस!

दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. दोन्ही फोनची घड्याळं मी तीनदा ताडून पाहिली, सेकंदाचाही फरक नाही. रविवारी दर्शिनीत जाऊन विचारलं. टेबलाखाली कंदील-बिंदील काही सापडला नाही, म्हणाले.

त्या संध्याकाळी मी आत गेलो. चौथी रांग, कडेची खुर्ची. का कोण जाणे, खिशातून रुमाल काढला आणि शेजारच्या खुर्चीवर पसरला. हॉल भरत आला. एक बाई आल्या, रुमालाकडे बघून हसल्या आणि विचारलं, "इथे कोणी आहे का?"

मी म्हटलं, "हो, आहेत."

त्या पुढच्या रांगेत गेल्या. दिवे मंद झाले. तिसऱ्या प्रवेशात मुक्ता कंदील घेऊन आली तेव्हा मला समोरचं धड दिसत नव्हतं, इतके डोळे भरले होते.

यातलं काय कसं झालं, मला सांगता येत नाही. कुणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा. त्याच हॉलच्या गेटपाशी आठ वर्षांपूर्वी मी अण्णांशी खोटा ठरलो होतो. शनिवारी त्या बाईंना जे सांगितलं ते खरं होतं की खोटं, हे मला अजूनही माहीत नाही.