विहीणबाईंचं गोड बोलणं

गोड बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो, आणि आमचं शेणवे गावातलं घर त्यांनीच भरलेलं. माझी थोरली जाऊ गोदू, मी तिला बाय म्हणते. गेल्या थंडीत भात झोडून झालं तेव्हा तिने घरात एकेकाला विचारलं, "माजे डोले परत सुजल्यासारके वाटतात का?" तिचे मालक, विठूभावजी, म्हणाले, "काय नाय, झोडणीची धूळ." शेजारीण म्हणाली, "थंडी बाधली." मीही म्हटलं, काही नाही. खरं सांगायचं तर मला कळतच नव्हतं. रोज एका चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या दोघी. एकमेकींच्या तोंडाकडे नीट बघतं कोण?

पण बायला धास्ती होती, कारण हे दुखणं तिने एकदा भोगलेलं.

सहा वर्षांपूर्वी ती वाळत चालली, हात थरथरू लागले आणि डोळे पुढे आले. लावणीत तिची ओळ कायम सुतात असायची. त्या वर्षी ती वाकडी गेली, कारण तिला एकाच्या दोन ओळी दिसत होत्या. घरात आम्ही समजलो, बाईचा स्वभाव बिघडला, उठताबसता डोळे वटारते. भावजी तर तिच्यासमोर बसून जेवेनात.

त्यात योगिनीला, म्हणजे बायच्या लेकीला, बघायला सरळगावची मंडळी आली. मुलाची आई सकुबाई. तिच्या जिभेला हाड नाही, हे तिच्या गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक. चहाचा कप हातात घेऊन ती बायला म्हणाली, "पोरीला बगाया आमी आलो, आन डोले वटारून आमाला तुमीच बगताव." सगळे खाली माना घालून बसले. बायच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मोडलं लग्न.

तेवढ्यात सकुबाई तिच्याजवळ सरकली. "रडू नका. माज्या बहिनीचे असेच झालेले. गल्यातल्या थायरॉईडचं हाय हे. आदी डॉक्टरला दाखवा, नायतर मी लग्नाला येनार नाय."

शहाण्यासुरत्या माणसांनी भरलेल्या घरात हे एका फटकळ बाईला कळलं. मग ठाण्याच्या मोठ्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. गोळ्या, सलाईनमधून औषध, काळा चष्मा, उशाला दोन उशा, आणि भावजींची विडी कायमची बंद. धुराने हे डोळे आणखी बिघडतात असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हळूहळू डोळे आत गेले. योगिनीच्या लग्नात बायने अक्षता टाकल्या त्या एकाच नवरीवर, दोन नाही. हे ती अजून हसून सांगते आणि सांगताना देवाच्या आधी सकुबाईचं नाव घेते.

म्हणूनच या वेळी आम्ही सगळे "काय नाय, काय नाय" म्हणत असताना ती म्हणाली, "म्हशाची जत्रा हाय. घोंगडी आनाया जाऊ." घोंगड्या घरात तीन होत्या. मी ओळखलं, हिला म्हसा गावाच्या वाटेवर सरळगावला उतरायचंय. विहीणबाई खोटं बोलणार नाहीत, एवढा भरवसा तिला घरातल्या कोणाचा नव्हता.

दोघी एसटीने गेलो.  वाटेत वाऱ्याने बायच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ती पदराने टिपत होती. सरळगावला सकुबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. बायने चष्मा काढला आणि तिच्यासमोर उन्हात उभी राहिली. "विहीणबाय, बगा."

सकुबाईने बघितलं. हातातली शेंग सुपात ठेवली. मग उठून बायचा हात धरला आणि म्हणाली, "काय नाय हो. चांगल्या दिसताव. बसा, दमला असाल."

मला हायसं वाटलं. बायचा चेहरा मात्र उतरला. सकुबाई चहा टाकायला आत गेली तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, "आलं गो परत. ती गोड बोलली."

मी वेडी तिला समजावणार होते, पण आतून सकुबाईची योगिनीला हाक ऐकू आली, "उद्या भाकऱ्या तू टाक. मी तुज्या आयशीला घेऊन ठान्याला जाते." बाय ओट्यावर बसून रडली. मीही रडले.

जत्रा राहिली. डॉक्टरांनी डोळे मोजले, रक्त तपासलं आणि सांगितलं की सूज परत धरू लागली आहे, पण अगदी सुरुवात आहे. आणखी उशीर झाला असता तर जड गेलं असतं. पुन्हा दर आठवड्याला सलाईन. परत निघताना सकुबाई म्हणाली, "रोज बगनाऱ्याला काय कलत नाय. शेवटचं सलाईन झाल्याबिगर मी तुमच्या दारात येनार नाय." तेव्हाही ती गोडच बोलत होती.

होळीनंतर, औषध संपल्यावर, ती आली. अंगणात बाय पापड वाळत घालत होती. सकुबाईने पिशवी खाली ठेवली, बायची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे फिरवलं. भावजी दारात उभे राहिले. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन थांबले.

सकुबाईने इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग हनुवटी सोडून दिली.

"डोले गेले आत," ती म्हणाली, "आन आता नाक केवडं हाय ते दिसाया लागलं. इतकी वर्सं डोल्यांच्या आडून आमाला फसवलंत."

बायने पिठाच्या हातांनीच तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "बोला, विहीणबाय," ती रडत रडत म्हणाली, "अजून बोला."