गेनेकचा पहिला सोमवार

काझिमिएराने गेनेकला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भांडत होता, आणि तेही तिच्यासाठी. खाटकाच्या दुकानासमोर पहाटेपासून रांगा लागायच्या, ते दिवस. तिचा नंबर आला तेव्हा खाटकाने उरलीसुरली हाडं कागदात गुंडाळून तिच्या पुढ्यात टाकली. ती मुकाट्याने उचलणार, एवढ्यात मागे उभ्या असलेल्या उंच, मोठ्या कानांच्या मुलाने विचारलं, "यात मांस कुठल्या बाजूला आहे, तेवढं दाखवता का?" त्याने आवाज चढवला नाही की तो वेडंवाकडं बोलला नाही. उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. रांगेत खसखस पिकली. शेवटी खाटकाने कपाळाला आठ्या घालत आतून एक चांगला तुकडा आणला.

पुढे तो मुलगा तिच्या घरी आला तो नऊ लाल कार्नेशनची फुलं घेऊन. तिच्या आईने ती आधी मोजली आणि मगच त्याला बसायला सांगितलं. त्यांच्या ओल्शांकी गावात जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम. दोन, चार, सहा अशी सम फुलं थडग्यावर ठेवायची. लग्नाळू पोराला एवढंही ठाऊक नसेल तर त्याच्या हाती मुलगी द्यायची कशी? नऊ भरली तेव्हा आईने चहा टाकला.

आपल्यासाठी जो भांडतो तो आपला, ही समजूत काझिमिएराच्या मनात त्या रांगेत बसली ती कायमची. गेनेक डेअरीत मेकॅनिक होता. बोलायला कमी, पण एखाद्या गोष्टीला चिकटला की चिकटला. शाळेच्या हेडमास्तरांपासून पाणीवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याने तिच्या वतीने प्रश्न विचारले. म्हातारपणी हे सगळं दुसऱ्या एका बाईच्या वाट्याला जाईल, असं तिला कोणी सांगितलं असतं तर ती हसली असती.

ती दुसरी बाई म्हणजे सेनेटरबाई. त्यांचंही नाव काझिमिएराच.

निवडणुकीआधी त्या ओल्शांकीत आल्या होत्या. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा झाली. गावातून तालुक्याला जाणारी बस तेव्हा नुकतीच बंद पडली होती. सेनेटरबाईंनी हिरवा स्कार्फ सावरत, छातीवर हात ठेवून सांगितलं, की बस परत येईल, हा माझा शब्द. गेनेक पहिल्या रांगेत होता. नवराबायको दोघांनीही त्यांनाच मत दिलं. बाई निवडून आल्या, बस काही आली नाही.

वर्षभर वाट पाहून गेनेक एका सोमवारी सायकल काढून तालुक्याच्या गावी गेला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सेनेटरबाई तिथल्या कचेरीत लोकांना भेटत. त्या सोमवारी भेटल्या नाहीत, वॉर्सॉला होत्या. पुढच्या महिन्यात भेटल्या, पण बस कधी येणार ते सांगितलं नाही. मग त्याचा पहिला सोमवार ठरूनच गेला. आदल्या रात्री तो स्वतः शर्टाला इस्त्री करायचा. सकाळी दाढी घोटून, गालाला लेकीने दिलेलं अत्तर चोपडून, थंडीवाऱ्यात सायकल हाणत निघायचा. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणायला सांगितला तर याच माणसाचे गुडघे दुखत.

संध्याकाळी परतला की सूप पिता पिता तो बोलायचा. एरवी चार शब्दांत दिवस काढणारा गेनेक त्या संध्याकाळी थांबायचा नाही. "ती आज उशिरा आली." "ती म्हणाली, अहवाल मागवलाय." "आज तिचा घसा बसला होता." काझिमिएरा बीटची साल काढत ऐकायची. घरात आता 'ती' म्हणजे एकच बाई होती, आणि ती बाई स्वयंपाकघरात उभी नव्हती.

एकदा तो म्हणाला, "तिने केस कापलेत."

"मी एप्रिलमध्ये, ईस्टरला कापले होते," काझिमिएरा म्हणाली.

गेनेकने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "छान दिसतायत," तो म्हणाला. तेव्हा ऑगस्ट चालू होता.

गावाला अशा गोष्टी पुरतात. दुकानात शेजारच्या याद्विगाबाई वर्तमानपत्र पुढे करून म्हणायच्या, "काझियाबाई, तुमच्या सवतीचा फोटो आलाय हो. या वयात कातडी बघा कशी आहे." काझिमिएरा हसण्यावारी न्यायची, पण घरी आल्यावर तो फोटो चष्मा लावून पाहायची. तिने बाजारातून तसाच एक हिरवा स्कार्फ आणला. पहिल्यांदा गळ्यात घातला तेव्हा गेनेकने विचारलं, थंडी वाजतेय का. स्कार्फ कपाटात गेला.

पुन्हा निवडणूक आली. काझिमिएराने या वेळी दुसऱ्या उमेदवाराला मत दिलं. त्याचं नावही तिला धड उच्चारता येत नव्हतं, पण तो पुरुष होता एवढं पुरे होतं. हॉलबाहेर येताना तिने गेनेकला विचारलं, तू कोणाला दिलंस? पुन्हा तिलाच, तो म्हणाला. बस न देणाऱ्या बाईला?

"ती पडली तर मी विचारू कोणाला?" गेनेक म्हणाला. "नवा माणूस म्हणेल, मी शब्दच दिला नव्हता."

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यामुळेच ते तिला जास्त झोंबलं. बाई पुन्हा निवडून आल्या.

सगळ्यात वाईट दिवस चार मार्च. तिथे कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस ठरलेला असतो, आणि काझिमिएरा नावाच्या बायकांचा तो नामदिन. वाढदिवस एक वेळ विसरला तर चालतो, नामदिन नाही. सकाळपासून शेजारणी येतात, केक कापला जातो, गळामिठ्या होतात. पण नावच एक म्हटल्यावर सेनेटरबाईंचा नामदिनही तोच. त्या दिवशी कचेरीचं दार सगळ्यांना उघडं असे, वॉर्सॉचं निमित्त चालत नसे. गेनेक ही संधी कसली सोडतोय? त्यामुळे दर चार मार्चला स्वतःच्या बायकोच्या केकला तो नसायचा. संध्याकाळी चॉकलेटचा डबा घेऊन यायचा. सायकलच्या कॅरियरवर दाबून डब्याचा एक कोपरा हटकून चेपलेला असायचा.

एका वर्षी याद्विगाबाई तालुक्याहून आल्या त्या बातमी घेऊनच. गेनेकला त्यांनी कचेरीच्या पायऱ्या चढताना पाहिलं होतं, हातात कागदात बांधलेली लाल कार्नेशन. काझिमिएराने त्यांना केकचा आणखी एक तुकडा वाढला आणि विषय बदलला. त्या रात्री चॉकलेटचा डबा तिने उघडला नाही. फुलांचं गेनेकला तिने कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, आणि तिला भीती त्याचीच होती.

या वर्षी जानेवारीत गेनेक कोठाराच्या दारात बर्फावरून घसरला आणि त्याची नडगी मोडली. प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून तो खिडकीशी बसला. फेब्रुवारीचा पहिला सोमवार हुकला. काझिमिएराला, देवाने माफ करावं, थोडं बरं वाटलं. नवरा दिवसभर घरात होता, तिच्या हातचं खात होता आणि 'ती'चं नाव निघत नव्हतं. मंगळवारी फोन वाजला. सेनेटरबाईंच्या कचेरीतली मुलगी बोलत होती. गेनेकसाहेब काल आले नाहीत, बाईंनी चौकशी करायला सांगितलंय, तब्येत बरी आहे ना?

काझिमिएराने निरोप दिला. गेनेकचा चेहरा असा खुलला की तिने रिसीव्हर जरा आदळूनच ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात ती दोन दिवस बहिणीकडे राहिली, तर या माणसाने कधी फोन केला नव्हता.

मार्च जवळ आला तसा तो अस्वस्थ झाला. तीन तारखेला, ती केकसाठी खसखस वाटत असताना, त्याने विषय काढला. उद्या तू जा. याद्विगाबाई गाडीने सोडतील. फुलं घेऊन जा.

"मी?" काझिमिएराने हात थांबवला. "माझ्या नामदिनाला मी तुझ्या त्या बाईला फुलं नेऊन देऊ?"

"लाल कार्नेशन. चार."

"पाच," ती सवयीने म्हणाली.

"चार. मोजून घे. तो फुलवाला पाचवं फुकट घालायला बघतो, त्याला वाटतं मी चुकतोय."

काझिमिएरा खुर्चीवर बसली. गेनेकने मग तिला सगळं सांगितलं, शर्टाच्या गुंड्या मोजाव्यात तितक्या शांतपणे. पहिल्या वर्षी बाईंनी बसचं उत्तर दिलं नाही, तेव्हा त्याला वाटलं की शब्द मेला. मेलेल्याला फुलं द्यायची रीत आहे. म्हणून दर नामदिनाला, केक आणि फोटोवाल्यांच्या गर्दीत, तो बाईंच्या हातात चार फुलं ठेवतो, नामदिनाच्या शुभेच्छा देतो आणि विचारतो, बस कधी? बाईंनी ती पहिल्याच वर्षी मोजली. तेव्हापासून कचेरीतली मुलगी एक फूल गुपचूप काढून टाकते आणि तीन फुलदाणीत ठेवते.

काझिमिएराला हसू यायला हवं होतं. एवढी वर्षं ज्या फुलांनी तिची झोप उडवली ती थडग्याची निघाली. पण तिला आलं ते वेगळंच. एवढा छान अपमान, एवढ्या निगुतीने केलेला, आणि तोही त्या बाईसाठी. तिच्यासाठी गेली कित्येक वर्षं गेनेक असं काहीच जुळवून आणत बसला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून हिरवा स्कार्फ काढला. गाडीत याद्विगाबाई अखंड बोलत होत्या. काझिमिएरा फुलांचा कागद मांडीवर धरून बसली होती.

कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर चीजचे केक, गुलाबांचे गुच्छ, भिंतीशी फोटोवाला. सेनेटरबाई फोटोंपेक्षा बुटक्या निघाल्या, आणि थकलेल्या. काझिमिएराने फुलं पुढे केली. बाईंचे डोळे त्यांवरून सवयीने फिरले आणि मग वर आले.

"तुम्ही गेनेकसाहेबांच्या मिसेस. पाय कसा आहे त्यांचा?" आणि हात हातात घेऊन म्हणाल्या, "लेओकाडियाताई कशा आहेत? अजून तिसऱ्या मजल्यावर एकट्याच?"

काझिमिएराच्या कानशिलांत रक्त चढलं. लेओकाडिया तिची बहीण. बस होती तोवर दर रविवारी ती तालुक्याला बहिणीकडे जायची, पत्ते खेळायची, हरली की भांडायची आणि संध्याकाळच्या बसने परतायची. बस बंद झाल्यावर एकदाच, भांडी घासताना, ती म्हणाली होती की लेओकाडियाशी भांडल्याला किती दिवस झाले. गेनेक तेव्हा काही बोलला नव्हता. आणि ही परकी बाई तिला तिच्याच बहिणीची खुशाली विचारत होती.

"हे तुम्हाला त्याने सांगितलं?"

"प्रत्येक वेळी. बस कोणासाठी हवी म्हटलं की एकच उत्तर. बायकोला बहिणीशी भांडायला जायचंय."

काझिमिएराला दोन गोष्टी एकदम कळल्या. भांडण पहिल्यापासून तिच्यासाठीच होतं, आणि तरीही ते सगळंच्या सगळं या बाईला मिळालं होतं. रडू येईल असं वाटलं. त्याऐवजी ती बोलली, खोलीभर ऐकू जाईल असं.

"सेनेटरबाई, नामदिन माझाही आहे. दर वर्षी या दिवशी माझा नवरा तुमच्या दारात असतो. मला एकतर बस द्या, नाहीतर माझा नवरा परत करा."

कोणीतरी हसलं. बाईही हसल्या. मग त्यांनी नेहमीचं सांगितलं, की बस जिल्ह्याच्या हातात असते, सेनेटरच्या नाही.

"मत मागायला आलात तेव्हा हात लांब होते," काझिमिएरा म्हणाली. ती खुर्ची ओढून बसली. मुलगी फुलं घ्यायला पुढे आली, तर तिने दिली नाहीत. स्वतः उठून चारही फुलदाणीत ठेवली, फोटोत येतील अशी, आणि पुन्हा बसली. गुच्छ घेऊन मागे उभी असलेली माणसं आता फुलं मोजत होती. याद्विगाबाईंनी ती मोठ्याने मोजली.

सेनेटरबाईंनी तिथूनच जिल्ह्याला फोन लावला.

घरी गेनेक दाराकडे डोळे लावून होता. ती काय म्हणाली? चिडली का? काझिमिएराने कोट काढला, स्कार्फ घडी केला. एवढंच सांगितलं, की ईस्टरनंतर बघू म्हणाल्या.

"माझ्याबद्दल विचारलं?"

"पायाचं विचारलं," ती म्हणाली, आणि बाकीचं स्वतःपाशी ठेवलं. त्या रात्री तिने बऱ्याच दिवसांनी शांत झोप घेतली.

ईस्टरनंतर बस आली नाही. मग महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती पुन्हा गेली, दोन फुलं घेऊन. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मे महिन्यात एक छोटी पांढरी बस सुरू झाली, आठवड्यातून एकदा, रविवारी. काझिमिएराने लेओकाडियाशी मनसोक्त भांडून घेतलं. मग तिने कचेरीत जाऊन विचारलं की रविवारची बस माझ्यासाठी झाली, पण पहिल्या सोमवारी लोकांनी तुम्हाला जाब विचारायला यायचं कशाने? त्यालाही दोन महिने गेले. आता त्या सोमवारीही बस असते, आणि तिच्यात ओल्शांकीची सातआठ माणसं असतात. कोणाला दवाखान्याचं विचारायचं असतं, कोणाला पुलाचं. बोलायचं कसं ते काझियाबाई वाटेत सांगतात.

गेनेकचा पाय सांधला आहे. एकदा तोही निघाला होता, पण बसमध्ये सगळे काझिमिएराभोवती बसले आणि तो ड्रायव्हरच्या मागे एकटा राहिला. पुन्हा गेला नाही. संध्याकाळी तो विचारतो, आज ती काय म्हणाली, आणि काझिमिएरा सांगते, विशेष काही नाही. मग तो बराच वेळ चमच्याने सूप ढवळत राहतो.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी ओल्शांकीत सूप गेनेक करतो. बटाटे जरा जाड कापतो.