टाळूला चिकटलेली टॉफी

पायरीवर चपला काढतानाच विमलाबाईला वास लागला. रंगाच्या दुकानात येतो तसला तेलकट वास, आणि त्याच्यावर साखरेचा गोड धूर. भाचीच्या लग्नासाठी चार दिवस खडवलीला राहून ती मोहने गावी पोराच्या घरी आलेली. डोक्यात अजून हळदीची गाणी होती. ती गाणी त्या वासानं तिथंच गिळली.

"आई, आलात? चहा टाकू?" आतनं समीक्षा म्हणाली. पोराची, विनीतची बायको. कढईत डाव फिरवता फिरवता तिनं पदरानं घाम पुसला.

"हा कसला वास गं?"

"टॉफीचा. नाताळच्या ऑर्डरी आल्यात ना."

"माझ्या टॉफीला असला वास कंदी आला?"

समीक्षा पुन्हा कढईकडं वळली. विमलाबाई आत गेली आणि तिनं ओट्याखाली बघितलं. पिवळा पत्र्याचा डबा, त्याच्यावर भलंमोठं सूर्यफूल. झाकण उघडं. आत मलमासारखं गुळगुळीत, पिवळंजर्द काहीतरी. तिनं त्यातलं बोटभर काढलं आणि मनगटावर चोळलं.

ही तिची जुनी खोड. बावीस वर्षं या बाईनं खडवलीहून डोंबिवलीला लोणी पोचवलं, पळसाच्या पानात गोळे बांधून. चार म्हशी, पहाटे रवी, सात पाण्यांनी धुतलेला गोळा. दुसरीचं लोणी दिसलं की ही आधी मनगटाला लावायची. खरं लोणी अंगाच्या उबेनं विरघळून जातं, मागं नुसता दुधाचा वास ठेवतं. त्यात काही मिसळलेलं असलं तर ते कातडीवर बसून राहतं, पावण्यानं जेवून झाल्यावर बसून राहावं तसं. मग विमलाबाई त्या बाईच्या तोंडावर सांगायची, "शिळ्या सायीचं हाय," नाहीतर "डालडा घातलास, लाज नाय वाटत?" खडवलीत तिच्याशी भांडलेल्या बायका मोजायला दोन हात पुरले नसते. पण तिच्या नाकाला खोटं पाडणारी एकही नव्हती.

आता मनगटावरचं ते पिवळं चोळून चोळून थकली. ते हलेना. कातडी चकचकीत झाली, नुसती मेणबत्ती.

"हे तू टॉफीत घातलंस?"

"आई, ऐका तर. तीस किलोची ऑर्डर. विकतच्या सायीतनं तुमचं लोणी दोन दिवसांत एक किलो होतंय. आणि डब्यातलं पण लोणीच असतं, वनस्पतीचं लोणी. बेकरीवाले सगळे हेच वापरतात."

"वनस्पतीला कवा आचळं आली गं?"

समीक्षाला हसू आलं, ते तिनं दाबलं. ताटात कापून ठेवलेली एक वडी उचलून पुढं केली. "खाऊन तर बघा. तुम्हालाच कळणार नाही."

विमलाबाईनं खाल्ली. पहिल्यांदा साखर कुरकुरली, बरी लागली. मग ते आलं. सगळ्या टाळूवर एक सारवण बसलं. जिभेनं ढकललं, गेलं नाही. थुंकली, गेलं नाही. मोरीत जाऊन कढत पाण्यानं चुळा भरल्या. शेवटी तोंडात बोट घालून टाळू खरवडला तेव्हा नखात पांढरट मळ आला. तो बघितल्यावर तिला ढवळून आलं आणि लग्नातलं सकाळचं जेवण मोरीत गेलं.

"तीस किलो," ती तोंड पुसत म्हणाली. "तीस किलो लोकांच्या टाळूला सारवलंस. आणि वर माझं तोंड चिकटवलंस."

ते खरंच होतं. प्रत्येक डबीवर तिचा फोटो होता, नऊवारीत, हातात रवी. खाली छापलेलं, 'विमलआजीची गावरान लोण्याची टॉफी'.

मुळात विमलाबाई टॉफीच्या नादी लागली ती मंदाकिनीताईंमुळं. डोंबिवली पूर्वेच्या या निवृत्त शिक्षिका, लोण्याच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. एकदा ही लोणी द्यायला गेली तर ताई ओट्यापाशी रडकुंडीला आलेल्या. कढईत साखर लोण्यापासून फुटून वाळूसारखी झालेली, नातवाला, अपूर्वला बटर टॉफी करून द्यायची होती आणि हा तिसरा घाणा.

"ताई, सरा बाजूला," म्हणून विमलाबाईनं कढई घेतली. मंद आच, पाण्याचा हबका, डाव एकाच दिशेनं. पाक मधाच्या रंगावरून चिंचोक्याकडं झुकायला लागला तसा एक थेंब गार पाण्यात टाकला, उचलून ताटलीवर आपटला. टण्. "झाला," ती म्हणाली. संक्रांतीच्या चिक्कीचा पाक ती असाच कानानं ओळखायची. ताईंनी वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "विमल, ही विरघळून गेली गं. काही मागे उरलंच नाही."

मागे काही उरलं नाही. विमलाबाईला एवढं शाबासकीचं बोलणं जन्मात कुणी बोललं नव्हतं. नवरा, मारुती, होता तोवर "बरंय" याच्या पुढं कधी गेला नाही. तो वारला, गुडघे गेले, म्हशी विकल्या, ती मोहन्याला पोराकडं आली. पण ते बोलणं तिच्याबरोबर आलं. त्यावरच तर टॉफीचा धंदा उभा राहिला.

"रविवारी डोंबिवलीत जत्रा आहे," समीक्षा म्हणाली. "स्टॉलवर तुम्ही बसायचं ठरलंय, आई. लोक तुम्हाला बघायला येतात."

"बसते," विमलाबाई म्हणाली. "मंदाकिनीताई येतील ना? त्यांना खाऊ घाल. त्या थुंकतील. मग मना काय बोलायला नको."

रविवारी मैदानात पन्नास स्टॉल. विमलाबाई खुर्चीवर बसली, तोंड शिवल्यासारखं. माणसं येत, चाखत, बोटं चाटत. "वॉव, आजी! गावाची चव!" ज्यांच्या दारात कधी शेणाचा पो पडला नाही ती माणसं गावाची चव ओळखत होती. एक पोरगी मोबाइल समोर धरून म्हणाली, "आजी, एक वाक्य बोला ना, माझ्या हातचं लोणी म्हणून." विमलाबाईनं तिच्याकडं असं बघितलं की ती शेजारच्या लोणच्याकडं गेली.

"आधीपेक्षा भारी झालीय हां," एक गृहस्थ समीक्षाला म्हणाला. "मागच्या वेळी जरा म्हशीचा वास येत होता."

विमलाबाईनं खुर्ची फिरवून त्याच्याकडं पाठ केली. 

अकराच्या सुमारास मंदाकिनीताई आल्या. हातात काठी, केस चापून बसवलेले. "काय गं विमल, किती दिवसांनी!"

"ताई, आधी खा," विमलाबाईनं वडी त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांच्या तोंडाकडं टक लावून बसली.

ताईंनी चावली. डोळे मिटले. जबडा हलत राहिला. विमलाबाई थुंकीची वाट बघत होती.

"अगदी तीच," ताई म्हणाल्या. "तीच चव! तुझ्या हाताला काय जादू आहे गं. चार डब्या दे, अपूर्वला पाठवते."

"ताई, टाळूला काय लागतंय का बघा."

"कुठे काय?"

"जीभ फिरवा. वरती."

"अगं, काही नाही. छान आहे."

विमलाबाईनं एक वडी ठेचली, चिमूट ताईंच्या मनगटावर चोळली. "हे बघा. जातंय का?"

"विमल! चिकट केलास हात. हे काय!" ताईंनी रुमाल काढून पुसलं, पुसत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लोणी नाहीये वाटतं. असू दे गं. आजकाल कुठे मिळतं? चालायचंच." आणि तोंडातली वडी चघळत डब्या पिशवीत टाकू लागल्या.

विमलाबाई त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडं बघत राहिली. या बाईच्या जिभेवर तिनं बावीस वर्षं विश्वास टाकला होता. तिला एकदम ती जीभ सारवलेली दिसली, मळकट, पांढरी.

तिनं पिशवीतल्या चारही डब्या बाहेर काढल्या. नखानं पहिल्या डबीवरचा फोटो सोलला. गोंद पक्का होता, आधी रवी निघाली, मग निम्मं तोंड. तिनं उरलेलं खरवडलं.

"अगं, हे काय करतेस?"

"तुमची टॉफी तुम्हाला देते. माझं तोंड मना ठेवते."

चारही डब्या सोलून झाल्यावर ती स्टॉलवरच्या डब्यांकडं वळली. समीक्षा दातावर दात ठेवून कुजबुजली, "आई, लोक बघतायत."

"बघू दे."

"काय झालं आजींना?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही, नवीन लेबल लावायचंय," समीक्षा हसून म्हणाली आणि त्याला सोललेली डबी दिली. त्यानं घेतली. पुढच्यानंही घेतली. फोटो नसलेल्या डब्या दुपारपर्यंत सगळ्या संपल्या. एकानंही म्हातारी कुठं गेली म्हणून विचारलं नाही.

घरी येताना विमलाबाईच्या कमरेच्या ओच्यात सोललेल्या फोटोंचा चिकट गोळा होता. तिनं तो चुलीत टाकायचा म्हटला तर घरात आता चूल नव्हती. कचऱ्याच्या बादलीत गेला.

समीक्षा बराच वेळ भांडी आपटत होती. शेवटी म्हणाली, "पुढच्या ऑर्डरीला तुमचा फोटो नाही टाकत. झालं समाधान? मग काय छापू डबीवर?"

"तो डबा हाय ना ओट्याखाली," विमलाबाई म्हणाली. "त्याच्यावर फूल हाय. ते छाप."

मग ती पाणी कढत करून मोरीत जाऊन बसली आणि पुन्हा चुळा भरू लागली.